बडोद्यात राहून हृदयरोगतज्ज्ञ होता येईल का?

मुलगी बारावीला आहे, किती वर्षं लागतील आणि बडोद्यातच होईल का, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात नक्की इथे होऊ शकते. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ पासूनचं, शेजारीच सयाजीराव रुग्णालय. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले हवेत. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन तीन, त्यानंतर डीएम कार्डिऑलॉजी, म्हणजे हृदयरोगातलं पुढचं शिक्षण, आणखी तीन. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी तिशी गाठतेच. डीएमची प्रवेशपरीक्षा देशपातळीवरची, त्यामुळे तेवढी वर्षं बाहेर काढायची तयारी ठेवा. अहमदाबादची यू. एन. मेहता ही हृदयरोग संस्था मिळाली तर घरापासून फार लांब नाही.

पण तिला परत बडोद्यात आणाच, ही माझी कळकळीची विनंती. अँजिओप्लास्टी करणारे हात लागतातच, पण इथल्या आपल्या मराठी माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणारा डॉक्टरही तितकाच लागतो. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजी छातीत जळजळतंय म्हणून ओवा चावत बसतात, घाम फुटलेला असतो, जबडा दुखत असतो, आणि घरचे म्हणतात, "गॅस असेल, सकाळी बघू." हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, आणि मधुमेह असेल तर त्यात छातीत दुखेलच असंही नाही. अशा वेळी ईसीजी रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा, आणि मोठा झटका असेल तर बंद रक्तवाहिनी ९० मिनिटांच्या आत उघडायला हवी. घरात गेलेला वेळ कुठलाच डॉक्टर भरून देऊ शकत नाही. हे "आजी, ओवा नंतर, आधी ईसीजी" असं मराठीत सांगितलं की लगेच पटतं.