लिनक्सवर पॅकेट रेडिओसाठी साधं टर्मिनल कोणतं?
दादरच्या घरातून दोन मीटर बँडवर (हौशी रेडिओच्या १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) पॅकेट, म्हणजे रेडिओवरून संगणकाचा मजकूर पाठवणं, चालवायचंय, पण कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) भानगडी नकोत, असं तुमचं म्हणणं. मग पॅराकॉन हा टर्मिनल प्रोग्राम घ्या. पायथनमध्ये आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मोडेमचं काम, म्हणजे मजकुराचा आवाज आणि आवाजाचा मजकूर करणं, साउंडकार्डवर डायरवुल्फ हा प्रोग्राम करतो; त्याच्या ८००० क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टला पॅराकॉन जोडलं की झालं. खिडक्या-बटणं हवी असतील तर क्यूटी-टर्म-टीसीपी हे टर्मिनल. लिनपॅक हे आणखी एक टर्मिनल चांगलं आहे, पण त्याआधी कर्नेलमधलं एएक्स.२५ (पॅकेटचा प्रोटोकॉल), त्याला मोडेम जोडणारी किसअटॅच ही कमांड वगैरे मांडामांड आली, सुरुवातीला नकोच.

आवाजाची पातळी मात्र नीट लावा, बहुतेक रडगाणं तिथलंच असतं. आलेल्या पॅकेटच्या आवाजाचा डायरवुल्फ दाखवतो तो आकडा ५०च्या आसपास हवा. जवळपास कोणी ऐकू आलं नाही, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना त्याची पॅकेट १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकून पाहा. गच्चीवरून उत्तम, किल्लीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच गाठा.