जिरामध्ये (Jira, टीमची कामं आणि त्यांना लागलेले तास नोंदवायचं सॉफ्टवेअर) एकाच टास्कवर तिघं असाल तर तास कसे टाकायचे
अरे पहिली गोष्ट म्हणजे टायमरवर फार विसंबू नकोस, तो चालू ठेवून माणूस जेवायला जातो आणि संध्याकाळी बघतो तर बग फिक्सवर ९ तास, माझं झालंय असं दोनदा. त्यापेक्षा काम संपलं की लगेच हाताने टाक, शुक्रवारी आठवून आठवून भरलेले तास म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

आता शेअर्ड टास्कचं. जिरामध्ये असाइनी (ज्याच्या नावावर टास्क आहे तो) एकच असतो पण परमिशन असेल तर बाकीचेही त्याच टास्कवर वर्क लॉग करू शकतात, म्हणजे आपले तास नोंदवू शकतात, त्यामुळे असाइनीने सगळ्यांचे तास आपल्या नावावर टाकायची काही गरज नाही, प्रत्येकाने आपापले टाकायचे. तिघं मिळून १ तास कॉलवर बसलात तर ते ३ तास होतात बरं का, नवीन लोक इथेच हमखास चुकतात आणि मग एस्टिमेट कमी का पडलं ते कुणालाच कळत नाही. काम खरंच वेगवेगळं असेल तर सरळ सबटास्क पाड.

आणि हो, 1d (एक दिवस) टाकलंस तर डीफॉल्ट सेटिंगला ते ८ तास धरतं, २४ नाही. कॉमेंटमध्ये नुसतं 'काम केलं' लिहू नकोस, काय केलं ते एका ओळीत लिही.