पाच कुठून आले?

ट्युटोरियलच्या वह्या जमा करायचे दिवस आले की माझ्याकडे, समुपदेशिकेकडे, आईबापांचा ठरलेला प्रश्न येतो, "पोर एवढं हुशार, मग कॉपी कशाला करील?" मालवणजवळच्या एका आईने तर दारातूनच सांगितलं, "माजा चेडू चोर नाय, मॅडम." चेडू म्हणजे मुलगी, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, दहावीला गणितात पैकीच्या पैकी.

घडलं ते असं. लिमिटचं उदाहरण, प्रत्येकीला आकडे वेगळे. हिचं फंक्शन तीन एक्स अधिक एक, मैत्रिणीचं पाच एक्सचं. फंक्शनची किंमत किती हललेली चालेल तो एप्सिलॉन, त्यासाठी एक्स किती हलू द्यायचा तो डेल्टा. मैत्रिणीच्या वहीतून उतरवताना 'डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले पाच' तसंच राहिलं. सरांनी विचारलं, "पाच कुठून आले?" हिची वाचाच बसली.

पहिल्या भेटी रडण्यात आणि 'सगळेच करतात' यात गेल्या. मी वाद घातला नाही. 'झालंच पाहिजे' हा हट्ट माणसाला छळतो म्हणणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्यांची मी जुनी वारकरी. माझे कान फक्त त्यातला 'च' शोधत होते. चौथ्या भेटीत तो आला.

"मला गणित यायलाच पाहिजे."

"नाही आलं तर?"

"मग मी कोण?"

खरी भीती ही होती. गुण जातील ही नव्हे, 'कळलं नाही' म्हणावं लागेल ही. मी म्हटलं, "मला गणित येत नाही. मी तुझ्यासमोर बसलेय ना? समजाव डेल्टा."

वडिलांची होडी आहे. तिने तीच घेतली. "समजा, सुकाणू जेवढं हलेल त्याच्या तिप्पट नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हलते. नाळ हातभर चुकलेली चालते. मग सुकाणू हाताच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी हलू द्यायचं."

"आणि पाचव्या हिश्श्याहून कमी ठेवलं तर?"

"तर नाळ आणखीच कमी..." ती थबकली. "मॅडम, पाचपण चालतात!"

म्हणजे उत्तर चुकलं नव्हतंच. सरांना आकडा नको होता, कारण हवं होतं. (त्या रात्री मीही कागदावर करून पाहिलं. चालतात.)

पालकांनी 'किती मिळाले' याच्या आधी 'कुठे अडलं' विचारावं. मुलांनो, चर्चा खुशाल करा, पण मग मैत्रिणीची वही मिटा आणि आपलं आपण लिहा. कुणाची मदत झाली तेही लिहा. अडलं तिथे 'इथून पुढे जमलं नाही' असं लिहून वही द्या. चर्चा कुठवर चालेल हे सरांनाच सुरुवातीला विचारा. प्रत्येकाचा नियम निराळा असतो.

त्या वहीचे गुण तिला मिळाले नाहीत, मिळूही नयेत. पण तिने फळ्यावर पाच मांडून दाखवले.

परवा आईचा पुन्हा फोन. "ता सरांका सारखा इचारत रवता. म्हणजे तेका येना नाय काय?"