पित्तनलिकेतला 18 मिमीचा खडा ईआरसीपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करतात ती प्रक्रिया) निघाला नाही, स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक पोकळ नळी) टाकला. आता आईचं ऑपरेशनच करावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही लागत. मी डॉक्टर नाही, वाशीतल्या एका हॉस्पिटलच्या एंडोस्कोपी रूममध्ये टेक्निशियन आहे, तेव्हा निर्णय तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलंय तसा प्रकार आमच्याकडे नेहमी येतो: वय 68, कावीळ, थंडी वाजून ताप, ठाण्यात ईआरसीपी केली आणि ‘खडा मोठा आहे, नंतर बघू’ म्हणून घरी पाठवलं.

घरच्यांना वाटतं पैसे वाया गेले. तसं नसतं. स्टेंटमुळे अडलेलं पित्त वाहायला लागतं, ताप आणि कावीळ उतरते. संसर्ग असताना पेशंटला जास्त वेळ टेबलावर ठेवून झटापट करण्यात शहाणपणा नाही. शिवाय स्टेंटला घासून खडा कधीकधी लहानही होतो.

डॉक्टरांना आता एवढं विचारा, की खडा नेमका कशामुळे अडला? पुढचं सगळं त्यावर ठरतं. 15 मिमीच्या वरचा खडा अवघड समजतात, पण नळी वरपासून खालपर्यंत रुंद असेल तर तिचं तोंड थोडं कापून मोठा बलून फुगवतात, साधारण 12 ते 20 मिमीपर्यंत. युरोपियन एंडोस्कोपी संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतही अवघड खड्यांसाठी हाच पहिला उपाय सांगितलाय. नळी खाली निमुळती असेल तर मात्र हे धोक्याचं, कारण ती फाटू शकते.

मग खडा आतच फोडायचा. जुनी पद्धत म्हणजे दुर्बिणीतून आत घातलेल्या तारांच्या बास्केटमध्ये पकडून चिरडणं. हँडल मी फिरवतो. सुरुवातीला काहीच होत नाही, तारा नुसत्या ताणत जातात, आणि मग एक्स-रेच्या पडद्यावरची गोल सावली एकदम वेडीवाकडी होते. खडा नळीत इतका घट्ट बसला असेल की बास्केट उघडायलाच जागा नाही, तर कोलांजिओस्कोपी: मोठ्या दुर्बिणीतून बारीक दुर्बीण थेट पित्तनलिकेत घालतात आणि खडा डोळ्यांसमोर ठेवून लेसरने किंवा विजेच्या ठिणगीने फोडतात. परिणाम चांगला, पण ही बारीक दुर्बीण बऱ्याचदा एकाच पेशंटला वापरायची असते आणि बिल तिथेच फुगतं. अंदाजपत्रक आधी लेखी घ्या. (तुकडे आतड्यात सोडून देतात, ते शौचावाटे जातात. बाटलीत खडा मागणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात!)

आईंचं पूर्वी पोटाचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, दुर्बिणीचा रस्ताच बदललेला असतो. पित्ताशयातही खडे असतील तर पित्ताशय काढताना लॅप्रोस्कोपीनेच नळी साफ करणारे सर्जन आहेत. तो काही शेवटचा नाइलाज नाही, चांगला पर्याय आहे. नळी दुर्बिणीने साफ झाली तरी पित्ताशय सहसा काढायला सांगतात, नाहीतर तिथून पुन्हा खडा उतरू शकतो.

सगळ्यात जास्त भीती मला विसरलेल्या स्टेंटची वाटते. ताप गेला, जेवण जायला लागलं की लोक परत फिरकत नाहीत. प्लॅस्टिकचा स्टेंट 3 ते 6 महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. नंतर तो तुंबतो, आणि पेशंट पुन्हा थंडी-तापात, कधी बीपी उतरलेल्या अवस्थेत येतो. डिस्चार्ज कार्डावर तारीख नसेल तर आजच फोन करून विचारा. त्याआधी थंडी-ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पुढच्या ईआरसीपीआधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका प्रत्येक ईआरसीपीत असतो. तो कमी करायला गुदद्वारातून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिन देतात, तेव्हा किडनीचा त्रास किंवा या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

खर्च झेपत नसेल तर मुंबई महापालिकेचं परळचं केईएम किंवा शीवचं हॉस्पिटल ठाण्याहून लांब नाही. जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) आणि ईआरसीपीच्या फोटोंची सीडी न्या. नुसत्या ‘लार्ज सीबीडी स्टोन’ (पित्तनलिकेत मोठा खडा) एवढ्या ओळीवरून पुढच्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.