क्वीन की लेड झेपेलिन? तुमच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न छापला होता, ‘क्वीन भारी की लेड झेपेलिन?’ (दोन्ही इंग्लंडचे रॉक बँड), आणि जागाच उरली नव्हती म्हणून मी पुढच्या वेळी बोलू एवढंच लिहिलं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत आणि अख्खं सदर यालाच देतीये.

प्रश्न : ताई, तुम्ही उत्तर टाळलंत. मी झेपेलिनवाला, बहीण क्वीनवाली, रोज रात्री स्पीकर कुणाचा यावरून आमचं भांडण होतं, आई दोघांनाही बंद करायला लावते. सरळ सांगा ना, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?
(तेच सांगलीचे वाचक)

उत्तर : मी झेपेलिनची. पण लगेच बहिणीला जाऊन सांगू नकोस, आधी का ते ऐक. ‘भारी’ म्हटलं ना की आपण दोन्ही नीट ऐकायचं सोडून देतो, त्यापेक्षा गाणं चालू असताना आपण कशाची वाट बघतो ते बघावं. झेपेलिन लावलं की मी जॉन बोनहॅमचा ड्रम कधी येतो याची वाट बघत असते. ‘स्टेअरवे टू हेवन’ १९७१ चं, आठ मिनिटांचं गाणं आहे आणि त्यात ड्रम येतो चार मिनिटं उलटून गेल्यावर, म्हणजे अर्ध्याहून जास्त गाणं तो माणूस नुसता थांबलाय, आणि मग येतो तेव्हा इतका बेताने येतो की आपण सरसावून बसतो. इतकी वर्षं ऐकतीये, तरी त्या जागेला माझा श्वास अडकतो.

क्वीन लावलं की मात्र मी आवाजांची वाट बघते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) घे. जवळजवळ सहा मिनिटं, ध्रुवपद नाहीच, मध्येच ऑपेरा सुरू होतो, आणि त्या ऑपेरात केवढा मोठा कोरस उभा आहे असं वाटतं, पण गाणारे तीनच! गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. दिवसाला दहा-दहा बारा-बारा तास गाऊन त्यांनी स्वतःच्याच आवाजांचे थर एकावर एक चढवले, चोवीस ट्रॅकची (म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे साठवणारी) टेप पुरेना म्हणून भरलेले ट्रॅक परत एकत्र करून जागा करायची, आणि असं इतक्या वेळा केलं की टेप झिजून आरपार दिसायला लागली होती, असं मेनेच नंतर सांगितलंय. त्यातला सगळ्यात वरचा, कानात घुसणारा सूर आहे ना, तो फ्रेडीचा नाही बरं का, टेलरचा आहे. हे बहिणीला सांग आणि तिच्याबरोबर बसून एकदा तेवढाच भाग ऐक. इंग्लंडमध्ये हे गाणं सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होतं आणि ते उगाच नव्हतं.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी आमच्या शेजारी पाचगणीत शिकला, म्हणजे तो आपलाच. मग महाराष्ट्रातल्या माणसाने क्वीन सोडून दुसऱ्या बँडचं नाव घ्यावंच कसं? तुम्ही सदर लिहिणाऱ्यांनी तरी याचा अभिमान बाळगायला हवा.
(वाईचे वाचक)

उत्तर : काका, अभिमान मलाही आहे. पाचगणीला गेले की त्या रस्त्याने जाताना दर वेळी मनात येतंच, की इथे तो पियानो शिकला, इथे शाळेतल्या पोरांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला. पण त्याचं आयुष्य पूर्ण सांगायचं तर फारोख बलसारा (हे फ्रेडीचं मूळ नाव) जन्मला झांझिबारमध्ये, ५ सप्टेंबर १९४६ ला, पारशी घरात. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला पाठवलं, १९६३ मध्ये तो परत झांझिबारला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली तेव्हा सगळं कुटुंब इंग्लंडला निघून गेलं. आठ वर्षांचं पोर आईबापांपासून समुद्रापार राहिलं, ही त्याच्या पाचगणीची गोष्ट आहे, आणि मला ती ‘आपला’ म्हणून छाती फुगवण्यापेक्षा जास्त मोलाची वाटते.

आणि ‘आपला’ म्हणूनच ऐकायचं असेल तर झेपेलिनवालेही गप्प बसणार नाहीत. त्यांचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईला आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही स्वतःचीच दोन गाणी परत रेकॉर्ड केली, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्याशा डिस्कोत जाऊन वाजवलंसुद्धा. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मग ‘काश्मीर’ नावाचं गाणं आहेच, मात्र ते लिहिताना प्लांट काश्मीरला कधी गेलेलाही नव्हता, त्याला ते शब्द सुचले मोरोक्कोच्या वाळवंटातल्या न संपणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा काका, गावाच्या नात्याने आपण गाण्यापर्यंत पोचतो हे खरं, मीही तशीच पोचले, पण पुढे कानच लागतात. तुम्हाला क्वीन आवडतो तर फ्रेडीच्या आवाजासाठी आवडू दे, तो आवाज तेवढा मोठा आहेच.

प्रश्न : ताई, मी ढोल पथकात आहे, सराव झाला की नदीपात्रात बसून आमचा हाच वाद चालतो. मला बोनहॅमचा ड्रम आमच्या ढोलासारखा वाटतो, एकटा माणूस आणि वाटतं अख्खं पथक वाजवतंय. मित्र म्हणतो क्वीनने नुसत्या दोन थापा आणि एका टाळीत स्टेडियम हलवलं, ते जास्त मोठं. एका ड्रमचा एवढा आवाज येतो कसा?
(पुण्याचा वाचक)

उत्तर : या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र हे! तू ढोल वाजवतोस म्हणून तुला चटकन कळेल, कारण नदीपात्रात वाजवलेला हात आणि तोच हात लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये वाजवला की काय होतं, ते तू अंगावर घेतलेलं आहेस. ढोल तोच, टिपरू तेच, पण मोकळ्यावर आवाज निघून जातो आणि रस्त्यात तो भिंतींना आपटून परत आपल्या छातीवर येतो.

झेपेलिनने नेमकं हेच केलं. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला हेडली ग्रेंज नावाची एक जुनी मोठी वास्तू आहे, पूर्वी गोरगरिबांना ठेवायचं घर होतं ते. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ करताना तिथल्या जिन्याखालच्या उंच हॉलमध्ये बोनहॅमचा ड्रमसेट मांडला, आणि साउंड इंजिनियर अँडी जॉन्सने माइक ड्रमजवळ लावलेच नाहीत, वर जिन्याच्या कठड्यावरून दोन माइक खाली सोडले. म्हणजे आपण जे ऐकतो तो नुसता ड्रम नाहीये, तो हॉल आहे, जिना आहे, वरपर्यंत चढत गेलेली हवा आहे. त्यावर थोडा इको मशीनचा परिणाम दिलाय, पण मूळ मोठेपणा जागेचा आणि हाताचा. हाताचं तर काय बोलू, तो जोरात मारायचा म्हणून सगळे बोलतात पण मला त्याची घाई न करणं जास्त आवडतं, ठेका किंचित मागे ओढून धरल्यासारखा वाजतो आणि सगळं गाणं त्याच्यावर रेलून चालतं. पथकात ताशा पुढे पळायला लागला की जो जुना वादक ढोलाने सगळ्यांना जागेवर आणतो ना, तसा तो.

आता तुझ्या मित्राचं. ‘वी विल रॉक यू’ (१९७७) मध्ये ड्रम नाहीच, जमिनीवर पाय आपटलेत आणि टाळ्या वाजवल्यात. ते गाणं ब्रायन मेला सुचलं एका कार्यक्रमानंतर, लोक आपापलं गात राहिले, थांबेचनात, तेव्हा त्याच्या मनात आलं की ज्यात प्रेक्षकच वाजवतील असं काही करू. स्टुडिओ एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता, तिथेच सापडलेल्या फळ्यांवर मोजक्या लोकांनी पाय आपटले, ते परत परत रेकॉर्ड केलं, आणि मग मेने प्रत्येक आवाज किंचित उशिराने परत वाजेल असं बसवलं. तो भौतिकशास्त्र शिकलेला माणूस (पुढे २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीची पीएचडी पूर्ण केली), म्हणून त्याने ती अंतरं मूळ संख्यांची घेतली, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा प्रतिध्वनी वाटायला नको, हजारो माणसं लांब-जवळ उभी आहेत असं वाटायला हवं.

बघ, म्हणजे ऑपेरातही तेच आणि इथेही तेच, क्वीन थोड्या माणसांतून गर्दी बांधतात, थरावर थर लावून, हिशेबाने. आणि झेपेलिन एक माणूस एका खोलीत बसवतात आणि ती खोली आपल्याला ऐकवतात. तुझ्या मित्राचं चूक नाही, ती दोन थापा आणि टाळी आज जगात कुठल्याही स्टेडियममध्ये सुरू केली की लोक आपोआप धरतात, असं बोनहॅमच्या कुठल्याच ठेक्याचं झालं नाही. तरी मी बोनहॅमकडेच जाते, कारण मला तो माणूस तिथे बसलेला दिसतो.

प्रश्न : झेपेलिनचं कौतुक करताना त्यांनी दुसऱ्यांची गाणी उचलली हे तुम्ही लिहिणार का? चोरांना कसलं मोठं म्हणायचं?
(नाशिकच्या वाचक)

उत्तर : लिहिणार, कारण मला ते सलतं. ‘होल लोटा लव्ह’मधले शब्द अमेरिकेतला काळा ब्लूज गीतकार विली डिक्सन याच्या गाण्यावरून आलेले, त्याने १९८५ मध्ये, म्हणजे गाणं आल्यावर तब्बल सोळा वर्षांनी, दावा केला, तो कोर्टाबाहेर मिटला आणि मग त्याचं नाव श्रेयात आलं. ब्लूज गाणारे काळे कलाकार बहुतेक गरिबीतच राहिले आणि त्यांच्या ओळींवर इंग्लंडची पोरं करोडपती झाली, यात समर्थन करण्यासारखं मला काही दिसत नाही. पण सगळं एका मापाने मोजू नका. वर ज्याच्याबद्दल लिहिलं ते ‘लेव्ही’ १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं गाणं, त्यात झेपेलिनने पहिल्यापासून मूळ गाण्याच्या ब्लूज गायिकेचं, मेम्फिस मिनीचं नाव दिलेलं आहे. आणि ‘स्टेअरवे’वर जो खटला झाला तो २०१६ मध्ये ज्युरीने आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टाने झेपेलिनच्या बाजूनेच निकाली काढला.

आणि हिशेब मांडायचाच तर क्वीनचाही मांडा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालू असताना, कलाकारांनी तिथे जाऊ नये असं संयुक्त राष्ट्रांचं आवाहन असताना ते १९८४ मध्ये सन सिटीला वाजवून आले, आणि इंग्लंडच्या संगीतकारांच्या युनियनने त्यांना दंड केला. मी दोन्ही बँड ऐकते आणि या दोन्ही गोष्टी विसरत नाही.

प्रश्न : १९८५ चा लाइव्ह एड बघा, विषय संपला. क्वीनने जग जिंकलं, झेपेलिनची लाज गेली.
(ठाण्याचे वाचक)

उत्तर : लाइव्ह एड म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी एकाच दिवशी लंडनच्या वेंब्ली स्टेडियममध्ये आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला झालेला कार्यक्रम. क्वीनची ती वेंब्लीतली वीसेक मिनिटं मी कितीही वेळा बघू शकते, फ्रेडी नुसता ‘ए ओ’ म्हणतो आणि सत्तर हजार लोक त्याच सुरात परत देतात. त्याच दिवशी फिलाडेल्फियात झेपेलिनवाले खराबच वाजले, प्लांटचा घसा बसलेला, पेजची गिटार सुरात नाही, सराव जवळजवळ नाहीच. ते रेकॉर्डिंग डीव्हीडीत घालू द्यायलाही त्यांनी नकार दिला. पण दादा, बोनहॅम २५ सप्टेंबर १९८० ला गेला, ३२ वर्षांचा, आणि त्याच डिसेंबरात बाकी तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. १९८५ मध्ये तिथे जे उभे होते त्यांना मी झेपेलिन मानत नाही. त्यापेक्षा लंडनचा १० डिसेंबर २००७ चा कार्यक्रम बघा, ड्रमवर बोनहॅमचा मुलगा जेसन आहे.

प्रश्न : मी सदुसष्ट वर्षांची, म्हापशाला राहते. जन्मभर नाट्यसंगीत ऐकत आले. नातू सुट्टीत आला की ही दोन नावं सारखी ऐकते, पण मला सगळा गोंगाटच वाटतो. माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी?
(गोव्याच्या वाचक)

उत्तर : काकी, तुम्हाला गाणारा गळा कळतो, तेव्हा क्वीनचं ‘समबडी टू लव्ह’ (१९७६) लावायला सांगा. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याच्या वळणाचं आहे, देवाला विचारलेला प्रश्न आहे त्यात, आणि फ्रेडी एकेक शब्द किती तऱ्हांनी म्हणतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळेल. पाठीमागचा कोरस परत त्याच तिघांचा.

झेपेलिनचं मात्र प्रसिद्ध काही लावू नका, ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ (१९७०) लावा, रात्री, जरा शांत असताना. संथ ब्लूज आहे, गिटार आणि गळा एकमेकांना सवालजवाब करत जातात. आणि जुन्या रेकॉर्डमध्ये पायपेटीचा भाता दमताना ऐकू येतो ना, तसं यात नीट कान दिला तर बोनहॅमच्या पायाखालचं पेडल कुरकुरताना ऐकू येतं, सबंध गाणंभर. तेल घातलेलं नाही त्याला, आणि कुणी ते पुसूनही टाकलं नाही. नातवाला विचारा त्याने ते ऐकलंय का, आणि नसेल तर तुम्हीच त्याला दाखवा.