साथीच्या काळात फिरायला जावंसं वाटतं, मी स्वार्थी आहे का?

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटलं आणि ५ मे २०२३ ला त्याची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात माझ्याकडे समुपदेशनासाठी लोक आले ते मृत्यू, गेलेल्या नोकऱ्या आणि घरातली भांडणं घेऊन. पण त्या सगळ्याच्या आडून, बहुतेक वेळा सत्र संपता संपता, एक प्रश्न हळूच यायचा: "फिरायला जावंसं वाटतं हो. हे चूक आहे का?" अजूनही कुठे नव्या आजाराची बातमी आली की हा प्रश्न परत येतो. म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीनल पहिल्यांदा एकटीच आली. वर्षभर घरून काम, दहा वर्षांच्या मुलाची शाळा पडद्यावर, आणि घरात मधुमेह असलेल्या, हृदय नाजूक झालेल्या सासूबाई. तिने आणि तिच्या नवऱ्याने, समीरने, डोंगरातल्या एका लहानशा गावात चार दिवसांसाठी एक घर पाहून ठेवलं होतं. समीरने हे फोनवर सहज आपल्या बहिणीला सांगितलं. या बहिणीचे यजमान काही महिन्यांपूर्वी याच आजाराने गेले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "लोक मरताहेत आणि तुम्हाला फिरायला सुचतं तरी कसं?" तेव्हापासून मीनलची झोप उडाली होती.

"मॅडम, जायचं की नाही ते नंतर बघू," ती म्हणाली. "मी वाईट आहे का, तेवढं सांगा."

मी सांगितलं, जावंसं वाटण्यात वाईट काही नाही. जाणं योग्य की अयोग्य हे मला अजून माहीत नाही, तो हिशेब वेगळा आहे, तो आपण मांडू. या दोन गोष्टी सुट्या केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेच म्हटलं आहे. मीनलचा थकवा खरा होता आणि तो मान्य व्हायला हवा होता. मात्र आपण थकलो आहोत म्हणून इतरांना असलेला धोका कमी होत नाही, हेही मी तिला त्याच दिवशी सांगितलं.

मग तिला वहीच्या पानावर दोन रकाने करायला सांगितले. एकात लिहायचं, गेलो तर कोण काय म्हणेल. दुसऱ्यात, गेलो तर कोणाला काय होऊ शकेल. पहिला रकाना भराभर भरला. नणंद, ऑफिसातल्या दोघी, शेजारी, फोटो टाकले तर काय, नाही टाकले आणि कळलं तर काय. दुसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: आई. म्हणजे सासूबाई. त्याच्यापुढे पान कोरं.

इथे मी जरा थांबते, कारण हे मी त्या काळात अनेकांच्या बाबतीत पाहिलं. जबाबदारीची जाणीव म्हणून माणूस जे ओझं वागवत असतो, त्यातली बरीचशी लाज असते. लाजेचं सगळं लक्ष स्वतःवर असतं: मी कशी दिसेन, माझ्याबद्दल काय बोलतील. आणि साथीत लाज नुसती निरुपयोगी नसते, ती धोका वाढवते. लाजणारा माणूस जायचं थांबवतो असं नाही, तो गुपचूप जातो. कुठे जातोय हे सांगत नाही, फोटो लपवतो, आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी नेहमीसारखा बसतो, कारण लांब बसलं तर कारण सांगावं लागेल. पुढे ताप आला तर कोणाकोणाला भेटलो हेही तो सांगत नाही. उघडपणे, ठरवून, आधी सांगून केलेला प्रवास आणि हा लपवलेला प्रवास, दोन्हींचं अंतर सारखं असलं तरी धोका सारखा नसतो. जे लोक एकमेकांना लाजवून साथ आटोक्यात येईल असं मानत होते, त्यांनी हे लक्षात घ्यायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

पुढच्या वेळी समीर बरोबर आला. त्याची बाजू ठरलेली होती. "आम्ही दोघंही चाळिशीच्या आत, लस झालेली. धोका असलाच तर तो आमचा आम्हाला."

हे वाक्य मी पुढे जाऊ दिलं नाही. साथीत धोका कधीच आपल्यापुरता नसतो, आणि याचे दाखले जुने आहेत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून निघालेलं तालुने नावाचं जहाज नोव्हेंबर १९१८ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवरच्या अपिया बंदरात लागलं. जहाजावर फ्लूचे रुग्ण असूनही प्रवाशांना उतरू दिलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे एक पंचमांश वस्ती मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी येणारी जहाजं काटेकोरपणे अडवली, तिथे त्या साथीने एकही बळी गेला नाही. आणि अगदी अलीकडचं, निव्वळ मौजेच्या प्रवासाचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रियातलं इश्गल. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे बर्फावर घसरायला आलेले पर्यटक तिथल्या गर्दीच्या बारमधून आजार घेऊन अनेक देशांत आपापल्या घरी गेले. त्यांतल्या बहुतेकांना आपण काय नेतो आहोत याची कल्पनाही नसणार.

कल्पना नसते, हीच या विषाणूची अडचण होती. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना आजार देऊ शकतो. सुरुवातीच्या विषाणूत लागण झाल्यापासून लक्षणं यायला सरासरी पाचेक दिवस लागत, कधी चौदापर्यंत. लसीने गंभीर आजाराचा धोका खूप कमी होतो, पण आपल्याकडून दुसऱ्याला लागण होणं पूर्ण थांबत नाही. समीर शिकलेला होता, त्याने हे सगळं वाचलेलं होतं. फक्त त्याने ते आपल्या चार दिवसांना लावून पाहिलं नव्हतं.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त विचार करण्यासारखा होता. "पण आपण नाही गेलो तर तिथल्या लोकांनी खायचं काय?" ही पळवाट नव्हती. जागतिक प्रवास व पर्यटन परिषदेच्या अंदाजाने २०२० मध्ये या क्षेत्रातले सुमारे ६ कोटी २० लाख रोजगार गेले. घरं, गाड्या, वाटाड्ये, धुणीवाल्या बायका, सगळ्यांचे हात रिकामे झाले. तरीही मी त्याला विचारलं की पैसे कोणाला मिळणार आणि धोका कोणाला? भाडं घरमालकाच्या खात्यात जातं. आपण सोडलेल्या बंद खोलीत पहिल्यांदा शिरते ती साफसफाई करणारी बाई. आणि ती आजारी पडली तर गावातलं छोटं आरोग्य केंद्र कोणाकोणाला पुरणार?

"हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही," मी म्हटलं. "फोन करून विचारा."

त्यांनी विचारलं. गावात सध्या किती जण आजारी आहेत, ऑक्सिजनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय किती लांब, साफसफाईला कोण येतं, आणि गावाला सध्या पाहुणे हवेत का. घरमालक आधी अडखळला, मग मोकळेपणाने बोलला. रुग्णालय दोन तासांवर होतं. साफसफाईला त्याची साठीतली मावशी येत होती. आणि महिनाभर बाहेरच्यांनी येऊ नये असं गावातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं, पण आरक्षण नाकारणं त्याला परवडत नव्हतं. कोणी विचारलं नसतं तर तो बोललाही नसता.

ती जागा त्यांनी सोडली. मीनल रडली. मी तिला समजूत घालणारी वाक्यं ऐकवली नाहीत, रडू दिलं.

आता राहिल्या सासूबाई, त्या दुसऱ्या रकान्यातला एकुलता शब्द. त्यांना कोणी विचारलं होतं का? समीर म्हणाला, "आईला उगाच टेन्शन नको." मी त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायची इच्छा दाखवली. त्या आल्या आणि पहिल्याच दोन मिनिटांत म्हणाल्या, "सगळे माझ्यासाठी भांडतात, माझ्याशी कोणी बोलत नाही."

त्यांचं म्हणणं अगदी स्वच्छ होतं. मुलांनी जावं. नातवाला उघड्यावर पळताना त्यांनी वर्षभर पाहिलं नव्हतं. पण परत आल्यावर आठवडाभर त्यांच्या खोलीत कोणी यायचं नाही. औषधं आधीच आणून ठेवायची. रोज दोनदा फोन करायचा. आणि निघण्याआधी कुठल्याही क्षणी त्या "नको" म्हणाल्या, तर कारण न विचारता रद्द करायचं.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात मोलाचा भाग होता. आपल्या प्रवासाचा धोका ज्याच्या अंगावर पडणार, त्याला तो माहीत असायला हवा आणि त्याला नाही म्हणता यायला हवं. परस्पर त्याची काळजी घेणं पुरत नाही. घरातल्या वृद्धांना सांभाळतो म्हणणारी कितीतरी घरं त्यांना काहीच न विचारता सांभाळत होती.

मग योजना नव्याने ठरली. स्वतःच्या गाडीने दीडेक तासावरचं, वस्तीपासून बाजूला असलेलं स्वतंत्र घर. लागणारं सामान इथूनच न्यायचं, तिथल्या बंद गर्दीच्या जागांत पाय ठेवायचा नाही, फिरायचं ते मोकळ्या हवेत. त्या मालकालाही तेच प्रश्न विचारून झाले होते आणि उत्तरं वेगळी आली होती. मी एकाच गोष्टीचा फार आग्रह धरला. कोणत्या परिस्थितीत जायचं नाही हे आत्ताच, डोकं शांत असताना, कागदावर लिहा. चौघांपैकी कोणालाही ताप, खोकला, घसा. इथले किंवा तिथले रुग्ण वाढायला लागले. रुग्णालयं भरली. निर्बंध आले. आईंनी नको म्हटलं. आणि आरक्षण असं घ्या की रद्द केलं तर पैसे परत मिळतील. पैसे अडकले की माणूस अंगातल्या तापालाही प्रवासाचा शीण म्हणतो.

निघायच्या दोन दिवस आधी मुलाचा घसा दुखायला लागला.

घरी केलेली चाचणी निगेटिव्ह आली. समीरला वाटलं, सुटलो. पण लक्षणांच्या पहिल्या दिवशी झटपट चाचणीतून लागण निसटू शकते, ती चाचणी फक्त त्या घटकेचं सांगते. कागदावर "घसा" लिहिलेलं होतं. ते गेले नाहीत. मुलगा तीन दिवसांत बरा झाला, साधी सर्दी होती. त्यानंतरच्या सत्रात मीनल माझ्यावर चिडलेली होती. "सगळं नीट केलं, तरी मिळालं काय?" तिचा राग रास्त होता. जबाबदारीने वागल्याचं बक्षीस मिळतंच असं नाही, आणि गेलेली सहल ही तिच्यापुरती खरी हानी होती. त्या दिवशी आम्ही तिला त्या चार दिवसांतून नेमकं काय हवं होतं यावर बोललो. तिला डोंगर हवा होताच, पण त्याहून जास्त, काही तास कोणी हाक न मारलेले हवे होते. त्यातलं थोडं घरी जमण्यासारखं होतं. रविवारची दुपार तिची झाली, मुलगा आणि घर समीरकडे. सहलीची भरपाई यातून होत नाही, तसं मी तिला म्हणालेही नाही.

दीड महिन्याने, रुग्ण बरेच खाली आल्यावर, ते गेले. परतल्यावर आठवडा वेगळेपणाने काढला, पाचव्या दिवशी चाचण्या केल्या, सगळे ठीक होते. पण सगळे ठीक राहिले म्हणून निर्णय बरोबर ठरला असं मी मानत नाही. काहीही काळजी न घेता गेलेलेही पुष्कळ जण ठणठणीत परतले. निर्णय पाहायचा तो घेताना काय माहीत होतं, कोणाला विचारलं होतं आणि परत फिरायची तयारी किती होती यावरून.

असेही आठवडे होते जेव्हा माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी सरळ नको म्हणायचे. खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, निर्बंध असताना, किंवा नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन नुकताच दिसला होता आणि तो कसा वागेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं तेव्हा. आजारी आईला भेटायला जाणं वेगळं, चार दिवसांची सहल वेगळी. सहल पुढे ढकलता येते, आणि म्हणूनच तिच्यासाठीची अट जास्त कडक असायला हवी.

राहिल्या नणंदबाई. निघण्याआधी मीनलने त्यांना फोन केला. परवानगी मागायला नव्हे, त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. पलीकडून "बरं" एवढंच आलं. ताई चुकताहेत असं मी त्यांना समजावून सांगावं अशी मीनलची फार इच्छा होती. मी नकार दिला. त्यांचा नवरा रुग्णालयात एकटा गेला, शेवटचं भेटताही आलं नाही. त्यांच्या रागाला विषाणूच्या माहितीने उत्तर देता येत नाही, कारण तो राग विषाणूबद्दलचा नाहीच. आपलं माणूस गेलं आणि बाकीचं जग पुन्हा हसायला लागलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांचं दुःख मानून, आदर राखूनही मीनलला जाता येत होतं. मात्र त्यांची संमती मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर ती कधीच गेली नसती.

मीनलला अजून वाटतं की ताईंनी एकदा तरी "बरं झालं, जाऊन आलात" म्हणावं. त्या तसं म्हणतील असं मला वाटत नाही, आणि मी ते मीनलला सांगितलं आहे.