सातव्या बिलात काय होतं?

बेटा,

तुझा बिलं बनवणारा कोड काल रात्री निवांत वाचला. तो बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट मनापासून लिहिल्यायस, पण नावं बघून हळहळलो. टेस्ट_बिल_१, टेस्ट_बिल_२, असं थेट सातपर्यंत.

काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच करायचो. एकदा रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याच्या किसाचा दोना नुकता हातात आला होता, तेवढ्यात फोन वाजला. 'टेस्ट_बिल_७ फेल. सकाळचं रिलीज करायचं की थांबवायचं?' सातव्या बिलात मी काय तपासलं होतं, ते मलाच आठवेना! कीस तसाच टाकून राजवाड्याजवळून स्कूटर काढली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. इंदूरहून बडोद्याला विकलेल्या मालावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) लागायला हवा, तिथे राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ-नऊ टक्के लागत होते. बेरीज अठराच, म्हणून बिल बघणाऱ्या कोणालाच खटकलं नव्हतं. टेस्टचं नाव 'परराज्यातल्या_ग्राहकाला_फक्त_आयजीएसटी' असतं, तर उभ्या उभ्या सांगितलं असतं, थांबवा म्हणून. कीसही गरम खाल्ला असता.

टेस्टिंगवर पुस्तक लिहिणारे रॉय ओशरोव्ह यांनी २००५ मध्ये नावाचा तीन भागांचा साचा सुचवला: कशाची टेस्ट, कोणती परिस्थिती, काय अपेक्षित. सुरुवातीला तो वापर, हात बसतो. मी मात्र पहिल्या भागात फंक्शनचं, म्हणजे कोडच्या ज्या तुकड्याची टेस्ट आहे त्याचं, नाव घालत नाही. उद्या कोणी फंक्शनचं नाव बदललं की टेस्टचं नाव खोटं पडतं, आणि ते दुरुस्त करायला कोणी फिरकत नाही. धंद्यातला नियम लिही, तो इतक्या सहज बदलत नाही. (जीएसटी कौन्सिलची बैठक सोडून!) नाव लांब झालं तर होऊ दे. टेस्टही फंक्शनंच, पण त्यांना कोणी हाताने नाव लिहून कॉल करत नाही. नावात 'आणि' आला, तर बहुधा त्या दोन टेस्ट आहेत.

अजून एक. पायथनमध्ये एकाच फाइलीत एकाच नावाची दोन फंक्शनं आली, तर दुसरं पहिल्याला गुपचूप पुसून टाकतं. नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट'च्या जागी चुकून 'टेट्स' टाइप झालं, तर टेस्ट शोधून चालवणाऱ्या पायटेस्टला ती टेस्ट सापडतच नाही. दोन्ही वेळा सगळं हिरवंगार, म्हणजे पास झालेलं दिसतं. म्हणून नवी टेस्ट लिहिलीस की एकूण आकडा एकाने वाढला का, ते बघ. आणि एकदा मुद्दाम फेल करून बघ, म्हणजे नाव परक्यासारखं वाचता येईल.

टेस्ट_बिल_४ मी तीनदा वाचली, तरी ती काय तपासते ते समजलं नाही. तिला काय नाव ठेवशील, ते आधी कळव. मग बाकीच्या सहा बघू.